रजोनिवृत्तीनंतरचा त्रास : लेसरचा दावा आणि पुरावा

पन्नाशीच्या आसपास पाळी कायमची थांबली की ‘चला, एक कटकट संपली’ असे म्हणून बहुतेक स्त्रिया सुटकेचा नि:श्वास टाकतात. अंगातून गरम वाफा निघणे, रात्री दरदरून घाम येणे, झोप उडणे, चिडचिड होणे या तक्रारींविषयी आता घरात थोडेफार बोलले जाते. मात्र याच काळात योनीमार्गाला येणारा कोरडेपणा, तेथे होणारी जळजळ, शरीरसंबंधांच्या वेळच्या वेदना आणि पुन:पुन्हा होणारा लघवीचा संसर्ग यांविषयी सख्ख्या बहिणीही एकमेकींशी बोलत नाहीत. डॉक्टरांसमोर बसल्यावरही गुडघेदुखी आणि रक्तदाबाची चौकशी होते. ही तक्रार मात्र ओठांवर येऊन परत फिरते.

गेल्या दशकभरात या मौनात एका नव्या उपचाराने शिरकाव केला आहे. तो म्हणजे लेसर. औषध नाही, टाके नाहीत, रुग्णालयात राहणे नाही. दहा-पंधरा मिनिटांच्या तीन बैठका आणि योनीमार्ग पूर्ववत, असे त्याचे वर्णन केले जाते. मोठ्या शहरांतील ‘कॉस्मेटिक गायनॅकॉलॉजी’च्या दवाखान्यांच्या जाहिरातींतही हा उपचार झळकू लागला आहे. ज्या तक्रारीविषयी बोलण्याची चोरी, तिच्यावर गाजावाजा न होता उपाय मिळत असेल तर त्याचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे.

प्रश्न आहे तो पुराव्याचा. हे यंत्र बाजारात आधी आले आणि त्याची कसून परीक्षा नंतर झाली. त्या परीक्षेचे निकाल आता हाती आले असून, हजारो रुपये खर्च करण्यापूर्वी प्रत्येक स्त्रीने ते जाणून घेणे आवश्यक आहे.

तक्रारीचे मूळ

स्त्रीच्या बीजांडकोशातून पाझरणारे इस्ट्रोजेन हे संप्रेरक योनीमार्गाचे अस्तर जाड, लवचीक आणि ओलसर ठेवते. या अस्तराच्या पेशींत ग्लायकोजेन नावाचा शर्करायुक्त पदार्थ साठलेला असतो. लॅक्टोबॅसिलस जातीचे उपकारक जिवाणू त्यावर जगतात आणि लॅक्टिक आम्ल तयार करतात. त्यामुळे प्रजननक्षम वयात योनीमार्गातील आम्लता साधारणत: ३.५ ते ४.५ पीएच इतकी राहते आणि अपायकारक जंतूंना तेथे सहजासहजी थारा मिळत नाही.

रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेनचे प्रमाण झपाट्याने घटते. अस्तर पातळ होते, त्याच्या घड्या सपाट होतात, रक्तपुरवठा कमी होतो आणि नैसर्गिक स्राव आटतो. ग्लायकोजेन घटल्याने उपकारक जिवाणू ओसरतात व पीएच पाचच्या वर जातो. कोरडेपणा, खाज, आग, शरीरसंबंधांनंतर थोडासा रक्तस्राव ही लक्षणे यातूनच उद्भवतात. मूत्रमार्ग, मूत्राशयाचा खालचा भाग आणि योनीमार्ग यांचे गर्भावस्थेतील मूळ जवळचे असून या साऱ्या भागांवर इस्ट्रोजेनचा प्रभाव असतो. त्यामुळे लघवीला वारंवार जावे लागणे, घाई होणे, लघवी करताना जळजळ होणे आणि संसर्ग पुन:पुन्हा उद्भवणे हेही याच दुखण्याचे दुसरे अंग आहे.

पूर्वी या अवस्थेला ‘योनीमार्गाचा ऱ्हास’ अशा अर्थाचे नाव होते. ते अपुरे आणि काहीसे अपमानास्पद असल्याचे ध्यानात घेऊन २०१४ मध्ये दोन आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संघटनांनी ‘जेनिटोयुरिनरी सिंड्रोम ऑफ मेनोपॉज’, म्हणजेच जीएसएम, ही नवी संज्ञा रूढ केली. प्रजननमार्ग आणि मूत्रमार्ग या दोहोंच्या तक्रारी तीत एकत्र आल्या. रजोनिवृत्त स्त्रियांपैकी सुमारे निम्म्या जणींना हा त्रास कमी-अधिक प्रमाणात होतो, असे निरनिराळ्या पाहण्यांत दिसून आले आहे.

या दुखण्याचे एक वैशिष्ट्य लक्षात ठेवण्याजोगे आहे. अंगातून वाफा निघण्याचा त्रास बहुतेकींच्या बाबतीत काही वर्षांनी आपोआप ओसरतो. योनीमार्गाचा कोरडेपणा मात्र उपचार न केल्यास टिकून राहतो आणि वयाबरोबर वाढत जाऊ शकतो. ‘थोडे दिवस सहन कर, जाईल’ हा वडीलधाऱ्यांचा सल्ला येथे लागू पडत नाही.

पाश्चात्त्य देशांत रजोनिवृत्तीचे सरासरी वय ५१ च्या आसपास आहे. भारतीय स्त्रियांत ते ४६ ते ४७ इतके, म्हणजे चार-पाच वर्षांनी अलीकडे आहे. साहजिकच भारतीय स्त्रीला आयुष्याची अधिक वर्षे या अवस्थेत काढावी लागतात. शस्त्रक्रियेने दोन्ही बीजांडकोश काढल्यास तर रजोनिवृत्ती एका दिवसात येऊन ठेपते आणि लक्षणे अधिक तीव्र असतात. बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला. अशा शस्त्रक्रियेत बीजांडकोशही काढले गेले, तर ऐन तिशीतील स्त्रीलाही हे दुखणे गाठू शकते. स्तनाच्या कर्करोगावरील काही औषधे शरीरातील इस्ट्रोजेन जवळपास संपुष्टात आणतात, त्यामुळे त्या रुग्णांतही या तक्रारी मोठ्या प्रमाणावर आढळतात.

लेसरची वाटचाल

या उपचारासाठी सर्वाधिक वापरला जाणारा कार्बन डायऑक्साइड लेसर ज्यांनी शोधला, ते शास्त्रज्ञ मूळचे बारामतीचे. १९३८ मध्ये तेथे जन्मलेले कुमार पटेल यांनी पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेतली, पुढे अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात संशोधन केले आणि १९६४ मध्ये बेल प्रयोगशाळेत असताना हा लेसर प्रत्यक्षात आणला. कारखान्यांत धातू कापण्यापासून शस्त्रक्रियेपर्यंत अनेक क्षेत्रांत त्याचा उपयोग झाला.

या लेसरच्या किरणांची तरंगलांबी सुमारे १०,६०० नॅनोमीटर असते. हे अवरक्त किरण पाण्यात चटकन शोषले जातात. शरीरातील मऊ ऊतींत पाण्याचे प्रमाण मोठे असल्याने किरण पडताक्षणी तेथील पाण्याची वाफ होते आणि ऊती अतिशय नेमकेपणाने कापली किंवा जाळली जाते. गर्भाशयमुखावरील कर्करोगपूर्व बदल किंवा जननेंद्रियावरील चामखीळ नष्ट करण्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञ अनेक वर्षांपासून या लेसरचा वापर करीत आले आहेत. त्या वापराविषयी येथे वाद नाही.

२००४ मध्ये अमेरिकेतील त्वचाविज्ञान संशोधकांनी लेसरची ‘फ्रॅक्शनल’ पद्धत मांडली. संपूर्ण पृष्ठभागावर किरण न सोडता जाळीप्रमाणे सूक्ष्म ठिपके पाडावयाचे आणि मधली ऊती शाबूत ठेवावयाची, हे तिचे सूत्र. ठिपक्यांच्या जागी झालेली बारीक जखम भरून काढण्यासाठी शरीर नवे कोलॅजन तयार करते. चेहऱ्यावरील सुरकुत्या आणि मुरुमांचे व्रण यांसाठी ही पद्धत लोकप्रिय झाली. चेहऱ्याच्या त्वचेत जे घडते ते योनीमार्गाच्या पातळ झालेल्या अस्तरातही घडेल, या तर्कातून इटलीत पुढचे पाऊल टाकण्यात आले.

मिलानमधील संशोधकांनी २०१४ मध्ये ५० महिलांवरील प्राथमिक अभ्यास प्रसिद्ध केला. बारा आठवड्यांत तीन बैठका दिल्यानंतर कोरडेपणा, जळजळ आणि वेदना लक्षणीयरीत्या कमी झाल्याचे त्यात नोंदविले होते. इटालियन बनावटीच्या ‘मोनालिसा टच’ या यंत्राचे नाव त्यानंतर जगभर पोहोचले. एर्बियम याग नावाचा २,९४० नॅनोमीटरचा दुसरा लेसर आणि रेडिओ लहरींवर चालणारी यंत्रेही पाठोपाठ दाखल झाली.

त्या पहिल्या अभ्यासात एक मोठी उणीव होती. उपचार न मिळालेल्या महिलांचा तुलनेसाठी गटच नव्हता. प्राथमिक अभ्यासात असे असणे गैर नाही. परंतु त्यावरून अंतिम निष्कर्ष काढता येत नाही. बाजाराने मात्र तेवढी वाट पाहिली नाही.

उपचार होतो कसा?

रुग्ण महिलेला नेहमीच्या तपासणीप्रमाणे टेबलावर झोपविले जाते. दांड्याच्या आकाराचा एक शोधक योनीमार्गात घातला जातो. त्याच्या टोकाशी असलेल्या आरशातून लेसरचे किरण चारी बाजूंच्या भिंतींवर ठिपक्यांच्या रूपात सोडले जातात. शोधक थोडा-थोडा बाहेर घेत संपूर्ण मार्गावर ही क्रिया केली जाते. योनीच्या आत फारशा वेदना होत नाहीत; बाहेरच्या भागासाठी बधिर करणारे मलम लावले जाते. साधारण चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने तीन बैठका होतात आणि पुढे दरवर्षी एक बैठक घेण्याचा सल्ला दिला जातो. बैठकीनंतर काही दिवस शरीरसंबंध टाळण्यास सांगितले जाते. एका बैठकीसाठी अनेक हजार रुपये मोजावे लागतात, हे ध्यानात घेतले तर वर्षानुवर्षांचा खर्च किती होईल याचा अंदाज येतो.

मंजुरी एका कामाची, जाहिरात दुसऱ्याची

अमेरिकेत नव्या औषधाला परवानगी मिळविण्यासाठी मोठ्या चाचण्यांमधून त्याची परिणामकारकता सिद्ध करावी लागते. वैद्यकीय यंत्रांच्या बाबतीत मात्र एक तुलनेने सोपी वाट उपलब्ध आहे. आधी मंजूर झालेल्या यंत्राशी नवे यंत्र पुरेसे मिळतेजुळते आहे, हे दाखविले की अनेकदा ते बाजारात आणता येते. लेसर यंत्रे याच वाटेने आली. त्यांना मिळालेली मंजुरी चामखीळ, कर्करोगपूर्व बदल अशा ऊती नष्ट करण्याच्या सर्वसाधारण कामांसाठी होती.

जाहिराती मात्र ‘योनीमार्गाचे पुनरुज्जीवन’ करण्याच्या होऊ लागल्या. त्यामुळे ३० जुलै २०१८ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजेच एफडीएने, जाहीर इशारा दिला. रजोनिवृत्तीची लक्षणे, लघवीवरील अनियंत्रण किंवा लैंगिक तक्रारी यांवरील उपचारांसाठी अशा कोणत्याही ऊर्जा-यंत्राला मंजुरी दिलेली नाही, असे प्रशासनाने स्पष्ट केले. योनीमार्ग भाजणे, व्रण पडणे, शरीरसंबंधांच्या वेळी वेदना होणे आणि दीर्घकाळ टिकणारे दुखणे अशा तक्रारींची नोंद झाल्याचेही या इशाऱ्यात म्हटले होते. सात उत्पादक कंपन्यांना त्यांच्या जाहिरातींविषयी पत्रे पाठविण्यात आली.

या इशाऱ्यामुळे लेसर घातक आहे, असे सरसकट सिद्ध होत नाही. पुढील काळात संशोधकांच्या देखरेखीखाली झालेल्या चाचण्यांत गंभीर इजा क्वचितच आढळल्या. ‘मंजूर यंत्र’ या शब्दांचा अर्थ ‘या तक्रारीसाठी मंजूर’ असा होत नाही, एवढे मात्र त्यातून स्वच्छ झाले.

खरा लेसर आणि लटका लेसर

उपचारानंतर बरे वाटले, म्हणजे उपचारामुळेच बरे वाटले असे म्हणता येत नाही. या दुखण्यात तर ही खबरदारी विशेष महत्त्वाची आहे. कोणी तरी आपले ऐकून घेतले, तपासणी झाली, उपचार सुरू झाला, त्यासाठी पैसेही मोजले. या साऱ्याचा मनावर आणि शरीरावर परिणाम होतो. लक्षणे मुळातच कमी-जास्त होत असतात आणि बहुतेक जणी ती सर्वाधिक त्रासदायक असताना दवाखान्यात येतात. त्यामुळे काही काळाने थोडा उतार पडणे अपेक्षितच असते.

अमेरिकेत ३०२ महिलांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीने हे ठळकपणे दाखवून दिले. इस्ट्रोजेनची योनीमार्गात ठेवण्याची गोळी, ओलावा टिकविणारे जेल आणि दोन्हींची नकली रूपे यांची तुलना बारा आठवड्यांनंतर करण्यात आली. सर्वच गटांतील महिलांचा त्रास जवळपास सारख्या प्रमाणात कमी झाला होता. नकली गोळी व नकली जेल वापरणाऱ्याही त्याला अपवाद नव्हत्या.

म्हणूनच लेसरची खरी परीक्षा व्हायची, तर काही महिलांवर ‘लटका’ उपचार करणे भाग होते. शोधक तसाच आत जातो, यंत्र तसेच चालते, पण ऊतीवर परिणाम होईल एवढी ऊर्जा सोडली जात नाही. आपल्याला खरा उपचार मिळाला की लटका, हे महिलेला ठाऊक नसते.

ऑस्ट्रेलियात सिडनी येथे झालेल्या अशा चाचणीचे निष्कर्ष ऑक्टोबर २०२१ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तीत ८५ महिलांची वर्षभर पाहणी करण्यात आली. शून्य ते शंभर या मापावर एकंदर त्रास लेसर घेतलेल्या गटात सरासरी १७.२ अंकांनी, तर लटका उपचार मिळालेल्या गटात २६.६ अंकांनी कमी झाला. सर्वाधिक त्रासदायक लक्षणाचा स्वतंत्र विचार केला असता हे आकडे अनुक्रमे २४.५ आणि २०.४ होते. संख्याशास्त्राच्या कसोटीवर दोन्ही गटांत फरक नव्हता. काही महिलांच्या अस्तराचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्यात आले. अस्तर पुन्हा जाड होते, हा जो दावा केला जात होता, त्याचाही पडताळा मिळाला नाही.

बेल्जियममधील लूवेन येथे ६० महिलांवर झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीतही लेसर लटक्या उपचारापेक्षा सरस ठरला नाही. त्याच वर्षी बार्सिलोनाच्या संशोधकांनी स्तनाच्या कर्करोगातून बचावलेल्या आणि इस्ट्रोजेन घटविणारी औषधे घेणाऱ्या महिलांवरील चाचणीचे निष्कर्ष मांडले. लेसर ज्यांच्यासाठी वरदान ठरेल असे सांगितले जात होते, तो हाच गट होता. चाचणीत ८४ महिलांची निवड झाली, ७२ जणींनी ती पूर्ण केली. सहा महिन्यांनंतर दोन्ही गटांत सुधारणा होती, परंतु खऱ्या लेसरला आघाडी घेता आली नाही.

दुसरी बाजूही नोंदविणे आवश्यक आहे. २०२१ मध्येच प्रसिद्ध झालेल्या, ग्रीस व इटलीतील संशोधकांच्या ५८ महिलांवरील चाचणीत लेसर लटक्या उपचारापेक्षा प्रभावी ठरल्याचे दिसले. अमेरिकेतील आणखी एका चाचणीत लेसर आणि इस्ट्रोजेन मलम यांची सहा महिन्यांनंतरची परिणामकारकता सारखीच आढळली. तथापि तीत लटक्या उपचाराचा गट नव्हता आणि ती अपेक्षेपेक्षा आधीच थांबवावी लागली. अनुकूल निष्कर्ष पूर्णपणे नाकारता येत नाहीत. पण काटेकोर चाचण्यांचे पारडे एकत्रितपणे लेसरच्या बाजूने झुकत नाही.

तज्ज्ञ यंत्रणांची भूमिका

ब्रिटनमधील उपचारांचे निकष ठरविणाऱ्या नाइस या संस्थेने २०२१ मध्ये, या दुखण्यासाठी योनीमार्गातील लेसर केवळ संशोधनाचा भाग म्हणूनच वापरावा, असे मार्गदर्शन केले. रजोनिवृत्तीविषयीच्या नोव्हेंबर २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांतही शास्त्रीय चाचणीबाहेर हा उपचार देऊ नये, अशीच भूमिका घेण्यात आली. अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनने २०२५ मध्ये जीएसएमसंबंधी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांतही उपलब्ध पुरावा लेसरच्या वापराला पाठबळ देत नसल्याची कल्पना रुग्णांना द्यावी, असे नमूद आहे.

मग उपाय कोणते?

लेसरवर शंका म्हणजे दुखण्यावर उपाय नाही, असा अर्थ काढण्याचे मुळीच कारण नाही. हे दुखणे उपचारांना चांगला प्रतिसाद देते आणि प्रभावी उपाय तुलनेने स्वस्त आहेत.

पहिली पायरी वंगण आणि ओलावा टिकविणाऱ्या जेलची. या दोन वस्तू निराळ्या आहेत. वंगण केवळ शरीरसंबंधांच्या वेळी घर्षण कमी करते. पाण्याचे किंवा सिलिकोनचे वंगण औषधांच्या दुकानात मिळते. ओलावा टिकविणारे जेल आठवड्यातून दोन-तीन वेळा नियमित लावावयाचे असते. संसर्ग टाळण्यासाठी निरोध वापरला जात असल्यास खोबरेल तेलासारखे तेलकट पदार्थ टाळावेत, कारण त्यामुळे रबर कमकुवत होते. साबण, सुगंधी द्रव, जंतुनाशक घातलेले पाणी यांनी आतून धुण्याची सवय कोरडेपणात भरच घालते. बाहेरचा भाग साध्या पाण्याने धुणे पुरेसे आहे.

एवढ्याने भागले नाही तर योनीमार्गात लावावयाचे कमी मात्रेचे इस्ट्रोजेन हा मुख्य उपचार ठरतो. भारतात एस्ट्रिऑल मलम डॉक्टरांच्या चिठ्ठीवर काही शे रुपयांत मिळते. साधारणत: पहिले दोन आठवडे दररोज रात्री आणि नंतर आठवड्यातून दोनदा, अशी ते वापरण्याची पद्धत आहे. परिणाम जाणवण्यास काही आठवडे लागतात आणि उपचार थांबविला की लक्षणे परततात, याची कल्पना आधीच असलेली बरी. वर उल्लेखिलेल्या ३०२ महिलांच्या चाचणीत हा उपचार नकली औषधापेक्षा सरस ठरला नव्हता हे खरे. परंतु अनेक चाचण्यांचा एकत्रित पुरावा त्याच्या बाजूने आहे. लघवीच्या संसर्गाबाबत तर तो विशेष ठळक आहे. इस्राएलमध्ये ९३ रजोनिवृत्त महिलांवर झालेल्या १९९३ च्या चाचणीत एस्ट्रिऑल मलम वापरणाऱ्या महिलांत संसर्गाचे प्रमाण वर्षाला सरासरी ०.५ इतके खाली आले. नकली मलम मिळालेल्यांत ते ५.९ होते.

‘हॉर्मोन’ शब्दाची भीती

इतका साधा उपाय मागे का पडतो, याचे उत्तर २००२ च्या एका घटनेत सापडते. अमेरिकेतील ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या मोठ्या चाचणीत इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन यांची एकत्रित गोळी घेणाऱ्या महिलांत स्तनाच्या कर्करोगाचे आणि हृदयविकाराचे प्रमाण वाढल्याचे दिसून आले व चाचणीचा तो भाग मुदतीआधी थांबविण्यात आला. त्या बातमीने जगभर ‘हॉर्मोन’ या शब्दाचा धसका घेतला गेला. पोटात घेण्याच्या गोळीचे निष्कर्ष योनीमार्गात लावावयाच्या मलमालाही चिकटले.

प्रत्यक्षात कमी मात्रेच्या मलमातून रक्तात उतरणारे इस्ट्रोजेन अत्यल्प असते. त्याच अमेरिकन प्रकल्पातील ४५,६६३ महिलांच्या माहितीचे विश्लेषण २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. योनीमार्गातील इस्ट्रोजेन वापरणाऱ्या महिलांत स्तनाचा कर्करोग, गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग, पक्षाघात यांचा धोका वाढल्याचे त्यात आढळले नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये एफडीएने रजोनिवृत्तीच्या संप्रेरक औषधांवरील हृदयविकार, स्तनाचा कर्करोग व स्मृतिभ्रंश यांविषयीचा ठळक चौकटीतील इशारा काढण्याची प्रक्रिया सुरू केल्याचे जाहीर केले. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या महिलांनी मात्र कर्करोगतज्ज्ञांच्या सल्ल्याशिवाय असे मलम वापरू नये.

आधी तपासणी, मग उपचार

प्रत्येक कोरडेपणा रजोनिवृत्तीचाच असेल असे नाही. मधुमेह आटोक्यात नसल्यास बुरशीचा संसर्ग पुन:पुन्हा होतो. बाहेरची त्वचा पांढुरकी पडून तीव्र खाज येत असेल तर लायकेन स्क्लेरोसस हा निराळा त्वचाविकार असू शकतो आणि त्यावरील औषधही निराळे आहे. दीर्घकाळ वेदना सहन केल्याने ओटीपोटाच्या तळाचे स्नायू घट्ट आवळले जातात. अशा वेळी फिजिओथेरपी उपयोगी पडते. रजोनिवृत्तीनंतर एकदा जरी रक्तस्राव झाला तरी गर्भाशयाच्या कर्करोगाची शक्यता तपासून पाहणे अत्यावश्यक आहे. ही तपासणी न करता थेट लेसरच्या टेबलावर झोपणे धोक्याचे ठरू शकते.

लेसरचा सल्ला मिळाल्यास हे विचारा

• तक्रार नेमकी कशामुळे आहे? त्यासाठी कोणती तपासणी केली?

• जेल आणि इस्ट्रोजेन मलम यांचा पुरेसा काळ वापर करून पाहिला आहे का? नसल्यास का नाही?

• या यंत्राला मंजुरी कोणत्या कामासाठी मिळाली आहे?

• लटक्या उपचाराशी तुलना केलेल्या चाचण्यांचे निष्कर्ष काय सांगतात?

• एकूण किती बैठका, किती खर्च, आणि दरवर्षी पुन्हा किती?

• इजा झाल्यास किंवा गुण न आल्यास पुढे काय?

लेसरवरील संशोधन थांबलेले नाही. एखाद्या विशिष्ट गटातील महिलांना त्याचा लाभ होतो असे उद्याच्या मोठ्या चाचण्यांतून सिद्ध झाले, तर तज्ज्ञांचे मत बदलेल आणि ते बदलायलाही हवे. तूर्त मात्र या उपचाराची जागा संशोधन केंद्रात आहे, जाहिरातीत नाही. ज्या स्त्रीला हा त्रास आहे तिने पुढच्या वेळी रक्तदाब तपासून झाल्यावर उठण्याची घाई न करता, ‘डॉक्टर, आणखी एक तक्रार आहे’ एवढे म्हटले तरी उपचाराची सुरुवात होऊ शकते.